पाण्याखाली सोसायचे नसते

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. आजवर या मंडळात मी सतरंज्या घातल्या, हळदीकुंकवाला वाण वाटले, सहलीच्या दिवशी चाळीस जणींचे घावने काढले. पण उभे राहून बोलण्याची पाळी कधी आली नव्हती. चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमचा मुलगा स्कूबावर आहे आणि तुम्ही स्वतःही पाण्याखाली जाऊन आलात. त्यातले धोके कोणते, काळजी काय घ्यायची, ते सांगा." मी म्हटले, मुलालाच बोलवा की! त्यावर त्या म्हणाल्या, "मुलगा पाहुण्यांना सांगतो. आपल्याला कोण सांगणार?"

ते मला पटले. आपल्या मालवणात आज कोणाचा मुलगा होडीवर आहे, कोणाचा भाचा सिलिंडर भरतो, कोणी माझ्यासारखी पाहुण्यांना खोल्या देते. पाहुणे संध्याकाळी जेवताना आपल्यालाच विचारतात, "काकू, भीती नाही ना?" आणि आपण सोलकढी वाढता वाढता सांगतो, "काही नाही हो, लहान मुलेसुद्धा जातात." मीही असेच सांगत असे. ते मी का सोडले, तेच आज सांगणार आहे.

डिसेंबर २०२२ मधली गोष्ट. नाताळची सुट्टी, गावात पाय ठेवायला जागा नाही. माझ्या मुलाला दोन दिवस सर्दी होती. सकाळी तो म्हणाला, "आये, कान जड झालेत. आज जाव नको काय?" मी चुलीशी होते. घरात पाच पाहुणे, डोक्यावर होडीच्या इंजिनाचा हप्ता. मी मान वर न करता म्हटले, "सर्दी काय खयच्या माणसाक होणा नाय? आजचो दिस काढ, उद्या पड." त्याने नाकात औषध मारले आणि तो गेला. भगिनींनो, त्याला मी पाठवले. हे वाक्य मी मुद्दाम सर्वांसमोर बोलते आहे.

पाहुणे उतरण्याआधी नांगराचा दोर नीट आहे ना, हे बघायला दोघे जण खाली जातात. त्या दिवशी तो आणि त्याचा सोबती उतरले. वीसेक फुटांवर कान दुखू लागला. त्याने दात आवळले आणि आणखी खाली गेला. एकदम कळ थांबली आणि कानात गार पाणी शिरल्यासारखे वाटले. मग सगळे गरगर फिरू लागले. वर कुठे, खाली कुठे, कळेना. देवाची कृपा म्हणून हाताला दोर लागला. त्याने दोर धरला आणि मोकळा पंजा डावी-उजवीकडे हलवला. 'काहीतरी बिघडले आहे' अशी ती खूण. सोबत्याने त्याचे जाकीट धरले, तोंडासमोर तोंड आणून त्याला श्वास घेत ठेवले, चक्कर ओसरेपर्यंत थांबला आणि मग सावकाश वर आणले.

डॉक्टर म्हणाले, कानाचा पडदा फाटला आहे. दीड महिना पाण्याचे नाव नको. चक्कर आली तीही थंड पाणी आतल्या कानाजवळ गेल्यामुळेच. पडदा पुढे भरून आला, ऐकू नीट येते. पण त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसून माझ्या मनात एकच येत होते. आणखी अर्ध्या तासाने त्याच्या हातात कोणाचे तरी मूल असते. मग?

रात्री तो म्हणाला, "आये, आमका शिकयतत, दुखला की थांब. मी थांबलंय नाय." मी त्याला म्हटले, "तुका न थांबाक मीच शिकयलंय."

हे खरेच आहे. आपण बायका सोसण्यात मोठ्या. अंगात ताप असताना भाकऱ्या थापायच्या, दाढ दुखत असताना पंगत वाढायची, आणि कोणी विचारले तर "काही नाही" म्हणायचे. 'सोशीक आहे हो' हीच आपली थोरवी. तीच शिकवण आपण मुलांना देतो. जमिनीवर ती कधी कामाला येतही असेल. पण पाण्याखाली तिच्याइतकी घातक दुसरी गोष्ट नाही.

त्या दीड महिन्यात मुलगा घरी होता. मी मासे साफ करायची आणि तो समोर बसून समजावायचा. त्यातले मला जे कळले ते माझ्या भाषेत सांगते.

पहिली गोष्ट, पाठीवरच्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतो असे आपण सगळ्या म्हणतो. तसे नाही. त्यात तुमचीआमची साधी हवाच दाबून भरलेली असते. नुसता ऑक्सिजन वीसेक फुटांच्या खाली विषासारखा होतो, झटके येऊ शकतात. ही हवा स्वच्छ मात्र पाहिजे. भरायच्या यंत्राजवळ इंजिनाचा धूर असेल तर तोच धूर सिलिंडरात जातो.

दुसरी गोष्ट दाबाची. जमिनीवर आपल्यावर हवेचा जेवढा दाब असतो, तेवढाच आणखी दाब दर १० मीटर पाण्याला, म्हणजे ३३ फुटांना वाढतो. म्हणजे ३३ फुटांवर दुप्पट, ६६ फुटांवर तिप्पट. हाडामांसाला त्याचे फारसे काही नाही. जिथे हवा आहे तिथे तो जाणवतो. कान, नाक, कपाळाच्या पोकळ्या आणि छाती. म्हणून खाली जाताना दर दोन-तीन फुटांना नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हळूच हवा सोडायची, म्हणजे कान मोकळा होतो. दुखायच्या आधी हे करायचे. कान सुटला नाही तर थोडे वर यायचे, पुन्हा करून बघायचे; तरी नाही सुटला तर त्या दिवसापुरती बुडी संपली. सर्दीत कानाची नळी आतून सुजलेली असते. औषध मारून ती तेवढ्यापुरती उघडते, पण त्याचा जोर खालीच ओसरला तर वर येताना हवा अडकते. म्हणून सर्दी म्हणजे सुट्टी.

तिसरी गोष्ट सगळ्यांत मोठी. श्वास कधीही धरून ठेवायचा नाही. ३३ फुटांवर छातीभर हवा घेऊन, तोंड मिटून कोणी वर आले, तर ती हवा फुगून दुप्पट होते. शिटी दाबून धरलेला कुकर आठवा. फुप्फुस फाटते आणि हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. याला फार खोल जावे लागते असेही नाही. चार-पाच फुटांवरूनसुद्धा असे झालेले आहे. घाबरलेला माणूस नेमके हेच करतो, श्वास कोंडतो आणि वर धाव घेतो. म्हणून आत एक, बाहेर एक, असा श्वास चालूच ठेवायचा.

चौथी गोष्ट सोड्याच्या बाटलीची. हवेत तीन हिश्श्यांहून जास्त नायट्रोजन असतो. खाली दाबामुळे तो रक्तात विरघळतो. सावकाश वर आले तर श्वासावाटे निघून जातो. झटकन आले तर सोडा फसफसावा तसे त्याचे बुडबुडे होतात. सांधे ठणकतात, हातपाय बधिर होतात, कोणाला लकवाही होतो. म्हणून मिनिटाला ३० फुटांपेक्षा वेगाने वर यायचे नाही, आणि खोल गेलेल्यांनी वर येताना १५-१६ फुटांवर तीन मिनिटे थांबायचे. आपल्याकडे वीस-पंचवीस फुटांवर पंधरा-वीस मिनिटे गेलेल्या पाहुण्यांना हा आजार सहसा होत नाही. पण शिकाऊ आणि पट्टीचे पाणबुडे दिवसात दोन-तीनदा खोल जातात, त्यांना होऊ शकतो.

हा आजार पुलाच्या कामगारांतही दिसला. अमेरिकेत न्यूयॉर्कला ब्रुकलिनचा पूल बांधताना नदीच्या तळाशी दाबलेल्या हवेच्या पेट्यांत बसून माणसे पाया खोदत. वर आली की कळवळत. मुख्य इंजिनियर वॉशिंग्टन रोबलिंग १८७२ मध्ये याच दुखण्याने अंथरुणाला खिळले. तेव्हा त्यांची पत्नी एमिली हिने गणित आणि बांधकाम शिकून घेतले आणि दहा-अकरा वर्षे नवऱ्याचे निरोप कामावर नेले-आणले. १८८३ मध्ये पूल खुला झाला. पुढे १९०८ मध्ये हॉल्डेन नावाच्या शास्त्रज्ञाने बकऱ्यांवर प्रयोग करून टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके छापली. आजचे नियम त्यातून वाढत आलेले आहेत. सांगायचे एवढेच की हे नियम कोणी हौसेने केलेले नाहीत. माणसांनी भोगले, मग लिहिले गेले.

आता आमच्या घरची दुसरी गोष्ट. पुढच्या वर्षी आमच्याकडे एक कुटुंब उतरले होते. सकाळी न्याहारीच्या वेळी त्या बाईंच्या पर्समधून दम्याचा पंप खाली पडला. मी विचारले, "स्कूबाच्या कागदावर हे लिहिलेत ना?" त्या हळूच म्हणाल्या, "नाही. लिहिले तर नेणार नाहीत. पैसे भरलेत, मुलांचा विरस होईल." बघा, आजारही त्यांनी दुसऱ्यांसाठीच लपवला! मी त्यांना माझ्या मुलाची गोष्ट सांगितली. दम्यात हवा फुप्फुसात अडकते आणि वर येताना तीच फुगते, हेही सांगितले. त्यांचे यजमान माझ्यावर थोडे रागावले. पण बाई होडीतच बसल्या आणि मुले खाली जाऊन आली. निघताना त्या माझा हात धरून म्हणाल्या, "काकू, मला कोणी विचारलेच नव्हते."

तर हा कागद म्हणजे उपचार नव्हे. दमा, हृदयविकार, फिट येणे, मधुमेह, रक्तदाब, कानाचे दुखणे, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, हे सगळे खरेखरे लिहायचे. लिहिले म्हणजे नेणारच नाहीत असे नाही, डॉक्टरांना विचारून ठरवतात. दिवस गेलेले असतील तर मात्र जायचेच नाही.

आता माझी फजिती ऐका. २०२४ च्या जानेवारीत मी स्वतः गेले. वय ४५. मला रक्तदाबाची गोळी आहे. कागदावर त्या ओळीपाशी माझेही पेन थांबले हो! 'नाही' लिहून मोकळे व्हावे असे वाटले. समोर मुलगा बसला होता. 'आहे' लिहिले. डॉक्टरांकडे जाऊन आले, त्यांनी तपासून परवानगी दिली, तेव्हा आठ दिवसांनी गेले.

त्या दिवशी सकाळी एकच घावन खाल्ले. भरल्या पोटी जायचे नाही आणि अगदी उपाशीही नाही. केस घट्ट बांधले, कारण मास्कच्या कडेत केस आले की पाणी आत येते. मंगळसूत्र कुठे अडकेल म्हणून काढायला सांगितले. माझा हात गळ्याशीच राहिला. सासूबाई किनाऱ्यावर आल्या होत्या. त्यांनी पदर पुढे केला आणि म्हणाल्या, "हयसर घाल. तुझा तुका परत देतंय."

आधी कमरेभर पाण्यात तोंडातल्या नळीने श्वास घ्यायला, मास्कमध्ये आलेले पाणी नाकाने फुंकून काढायला आणि खुणा करायला शिकवले. नंतर होडीने किल्ल्याच्या बाजूला नेले. पहिल्यांदा उतरले ती आठ-दहा फुटांवर छातीत धडधडायला लागले. वाटले, वर एवढी माणसे बघताहेत, जाऊ दे, सोसावे. मग आठवण झाली आणि मी अंगठा वर केला. वर आले, होडीला धरून दहा मिनिटे बसले. कोणी हसले नाही. पुन्हा उतरले. या वेळी कान सुटत गेले, श्वास लागी लागला. खाली दगडांवर पोवळी, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे माझ्या हातापाशी आले. आयुष्यभर मी मासा पाहिला तो टोपलीत. मासा स्वतःच्या घरात कसा असतो ते त्या दिवशी पाहिले. मला इतका आनंद झाला की मुलाला 'छान!' म्हणून मी पुन्हा अंगठा दाखवला. तो मला लगेच वर घेऊन आला! पाण्याखाली अंगठा वर म्हणजे 'वर चला'. 'ठीक आहे' म्हणायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा असतो. विसरू नका, नाहीतर माझ्यासारखे पैसे अर्ध्यावर फुकट जातील.

आता खोल्या देणाऱ्या आणि होडीवर मुले असलेल्या भगिनींसाठी थोडे कामाचे.

आपण गॅसचा सिलिंडर घेताना त्याच्या गळ्यावरची तपासणीची मुदत बघतो. स्कूबाच्या सिलिंडरचीही ठरावीक काळाने तपासणी होते आणि तारीख त्यावर ठोकलेली असते. ती बघायला सांगा. नेणारा शिकलेला आहे का, दाखला आहे का, होडीत प्रथमोपचाराचा ऑक्सिजन आहे का, एका वेळी एक जण किती पाहुणे सांभाळणार, हे विचारायला लाजू नका. पावसाळ्यात समुद्र बंद म्हणजे बंद. वारा असेल, पाणी गढूळ असेल आणि होडीवाला 'आज नको' म्हणाला, तर त्याला दुवा द्या. पोवळ्यांना हात लावू देऊ नका. ती जिवंत असतात, आणि आपली किनारपट्टी १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. रात्री दारू प्यालेल्या माणसाला सकाळी पाण्यात पाठवू नका.

बुडी मारल्यावर लगेच विमानात बसायचे नाही. एकदाच गेलेल्याने निदान १२ तास आणि अनेक बुड्या मारणाऱ्याने निदान १८ तास जाऊ द्यावेत. वर हवा विरळ, म्हणजे पुन्हा सोड्याचे झाकण उघडल्यासारखेच. घाट चढणे हेही उंच जाणेच आहे. आंबोली दोन हजार फुटांहून उंच आहे. म्हणून खोल बुड्या मारलेल्यांनी त्याच संध्याकाळी घाट चढण्याची घाई करू नये.

आणि ही गोष्ट गाठीला बांधा. संध्याकाळी पाहुणा म्हणाला, "काकू, खांदा ठणकतो, हाताला मुंग्या येतात, फार गळून गेल्यासारखे वाटते," तर तेल चोळत बसू नका, काढा देऊ नका. आज पाण्याखाली गेला होतात का, ते विचारा. हो म्हणाला तर आडवे निजवा आणि ताबडतोब दवाखान्यात न्या. बुडी मारली होती हे डॉक्टरांना आपणहून सांगा. त्यावर पहिला उपाय ऑक्सिजन, आणि पुढे गरज लागल्यास दाबाच्या खोलीत ठेवतात. पुन्हा पाण्यात उतरवणे हा उपाय नव्हे.

आपली मुले विहिरीत, तळीत श्वास धरण्याच्या पैजा लावतात. बुडी मारण्याआधी भराभर मोठे श्वास घेतले की जास्त वेळ राहता येते असे ती समजतात. त्याने होते असे की श्वास घ्यावासा वाटण्याची जी आतली सूचना असते, तीच उशिरा येते, आणि मूल आवाज न करता पाण्यात बेशुद्ध होते. हे त्यांना आजच सांगा. एकट्याने तर कधीच नाही.

कोरिया देशात जेजू नावाचे बेट आहे. तिथे पिढ्यान्‌पिढ्या बायकाच समुद्रात बुडी मारून शिंपले, शेवाळ काढतात. पाठीवर सिलिंडर नाही, एका श्वासावर. त्यांना हेन्यो म्हणतात. कित्येकींनी सत्तरी ओलांडली आहे. २०१६ मध्ये युनेस्कोने त्यांच्या या परंपरेला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात मान दिला. वर आल्या की त्या शीळ घातल्यासारखा श्वास सोडतात. तो आवाज म्हणजे, मी वर आले, ठीक आहे. त्या एकट्या जात नाहीत, आणि जाणत्या बायका नवशिक्यांना बजावतात की आणखी एका शिंपल्यासाठी श्वास ताणू नकोस. मला वाटते, त्या बायका म्हाताऱ्या होईपर्यंत समुद्रात जाऊ शकतात त्या याच एका शिकवणीमुळे.

भगिनींनो, परवा सकाळी माझा मुलगा पुन्हा म्हणाला, "आये, नाक चोंदलाहा." हंगाम ऐन भरात होता, हप्ताही होता. मी त्याची जाकिटाची पिशवी उचलून खुंटीला लावली आणि त्याच्या पुढ्यात पेजेचे ताट ठेवले. दिवसाची मिळकत गेली. ती भरून निघेल.

तेव्हा आपल्या मुलांना, पाहुण्यांना आणि स्वतःलाही एवढेच सांगा की दुखले तर सांग, नको वाटले तर अंगठा वर कर.